अनुभवाचा दाखला

सर ३१ मे २०२४ ला निवृत्त झाले आणि त्यानंतर बरोबर महिन्यानं भारतीय दंड संहिता निवृत्त झाली. "माझं साठ वर्षांत आटोपलं, तिला एकशे चौसष्ट लागली," हा विनोद सरांचाच. दार उघडताच त्यांनी तो केला. आतल्या खोलीतून काकू हसल्या नाहीत, त्यावरून दीड वर्षात तो किती जणांना ऐकवून झाला असेल याचा अंदाज आला.

डिसेंबरातला रविवार होता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. वर्गात आम्ही सरांना फार भ्यायचो. लॉच्या पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्या वर्गाला व्हरांड्यात काढलं आणि प्रत्येकाकडून कागदावर लिहून घेतलं, की आत पंखे किती, खिडक्या किती, फळ्यावर काय होतं. साठ जणांची साठ उत्तरं आली. "हे तुमचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार," एवढंच म्हणून ते स्टाफरूमकडे गेले. आम्हाला शिकवायचे दंड संहिता, पण त्यांचा जीव पुराव्याच्या कायद्यात होता.

"काय मग, तिसऱ्या वर्षाच्या वकीलसाहेब? कलमं पाठ आहेत का?"

"कुठल्या कायद्यातली, सर? जुन्या की नव्या?" ही तक्रार मी बसमध्येच तयार करून आणली होती. "तुम्ही आमच्याकडून ५११ कलमांची अनुक्रमणिका घोटून घेतली. परीक्षा झाली, जुलै उजाडला आणि सगळी रद्दीत गेली. आता कलमं ३५८. खुनाचं ३०२ होतं, ते १०३ झालं. आणि नव्या संहितेत ३०२ काढून बघितलं तर तिथं धार्मिक भावना दुखावण्याचं कलम बसलंय."

"आणि चारशे वीस?"

"तेवढे नंबरच नाहीत."

"अरेरे, म्हणजे मराठीतली एक शिवी गेली की गं." ते खुर्चीत नीट बसले. "पण मला सांग, चोरीची व्याख्या वाचलीस? जुनं तीनशे अठ्ठ्याहत्तर आणि नवं तीनशे तीन, शेजारी-शेजारी ठेवून?"

"वाचली. जवळपास तीच आहे."

"मग रद्दीत काय गेलं? घरांचे नंबर बदलले. आत माणसं तीच राहतात."

"पण चुकामूक पोस्टमनची होते ना, सर. ३० जून २०२४ पर्यंतचा गुन्हा जुन्याच संहितेनं चालतो. आमच्या सीनियरांच्या कपाटात २०१९ ची ३०२ ची फाइल आहे आणि तिला टेकून २०२५ ची १०३ ची फाइल आहे. तुमच्या पिढीला एकच पत्ता पाठ लागायचा, आम्हाला दोन लागतात."

हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी आत चहा सांगितला.

चहाबरोबर भडंग आलं आणि सरांनी विचारलं, दिवस कसा जातो. मी सांगितलं. सव्वासातला कॉलेज, साडेदहापर्यंत तास, तेही झाले तर. मग केएमटीच्या बसनं कसबा बावडा, न्यायसंकुल. माझी सनद नाही, त्यामुळे कोर्टात तोंड उघडायचा अधिकार नाही; ज्युनियरची ज्युनियर, हे माझं पद. बोर्डावर आपलं काम कितव्या नंबराला आहे ते बघायचं, पुकारा झाला की पळत जाऊन बाररूममधून सीनियरांना गाठायचं, पडलेली तारीख डायरीत लिहायची, नकलेचा अर्ज द्यायचा, मुदतीचा अर्ज टाइप करायचा, पुरसिस टाइप करायची. पाच ते आठ ऑफिस. आठनंतर मेसची शेवटची पंगत. रात्री अभ्यास, म्हणजे पहिली वीस मिनिटं अभ्यास आणि मग पुस्तकावर डोकं. शनिवार-रविवार दुसऱ्यांची कागदपत्रं पानावर पैसे घेऊन टाइप करून देते, त्यात मेसचं भागतं. बारावीनंतर काढलेलं मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट आजवर माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा जास्त कमावून देतंय.

"मूट कोर्ट करतीस का नाही?"

"केलं, सर. दोनदा. तिथं आम्ही 'माय लॉर्ड' म्हणत अनुच्छेद २१ वर वीस मिनिटं बोलतो. खऱ्या कोर्टात वर्षभर बसतेय, २१ चं नाव एकदाही कानावर आलं नाही. 'निशाणी पाच' मात्र रोज ऐकते."

सर खळखळून हसले. ज्यांनी दिवाणी कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाई हुकूम मागण्याचा जो अर्ज असतो त्याला निशाणी ५ पडते. भावानं बांध कोरला, शेजाऱ्यानं भिंत घातली, पाटाचं पाणी अडवलं, की माणूस धावत येतो तो निशाणी पाचसाठी. मूळ दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, निशाणी पाचचं काय झालं हे गाव आधी विचारतं.

"ह्येच पायजे," सर म्हणाले. ते खुशीत आले की त्यांची भाषा पेठेतली होते. "ह्येच मी चौतीस वर्षं सांगत आलोय. कोर्टात बसा. आता सुप्रीम कोर्टानंच सांगितलं, बरं झालं."

मी त्यांच्याकडे गेले होते ते नेमकं याच वाक्यासाठी. हे वाक्य ते बोलणार हे मला माहीत होतं आणि ते चूक आहे हे मला त्यांना सांगायचं होतं.

२० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात निकाल दिला: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेला बसायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिली केलेली असली पाहिजे. ही अट १९९३ मध्ये आली होती, शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये गेली होती, आता पुन्हा आली. बहुतेक उच्च न्यायालयांनी अटीच्या बाजूनं मत दिलं. तीन वर्षं मोजायची ती तात्पुरती सनद निघाल्या दिवसापासून. आणि अनुभवाचा दाखला द्यायचा तो तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यानं, नाहीतर दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलानं, त्यावर पुन्हा न्यायिक अधिकाऱ्याची सही. त्याआधी महाराष्ट्रात नवा पदवीधर पुरेसे गुण असले तर थेट एमपीएससीच्या जेएमएफसी, म्हणजे याच दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या, परीक्षेला बसू शकायचा. आमच्या वर्गात निम्म्या मुली लॉला आल्या त्या याच रस्त्याकडे बघून.

"बरं काय झालं त्यात, सर?"

"तूच सांग. चोवीस वर्षांची पोरगी खुर्चीत बसलीय. पोलिसांनी माणूस आणून उभा केलाय. रिमांड पाहिजे म्हणतात. सरकारी वकील म्हणतो गुन्हा गंभीर आहे. आरोपीचा वकील नाही, असला तरी कालच नेमलेला. त्या पोरीनं आयुष्यात कोठडी बघितलेली नाही, पंच कसे गोळा करतात ते माहीत नाही, पंचनामा ठाण्यात बसून कसा लिहितात ते माहीत नाही. ती काय करेल? कागद बघेल, कागद व्यवस्थित आहे, देईल चार दिवस. ते चार दिवस तिच्या लेखी एक ओळ आहे. त्या माणसाच्या लेखी काय आहेत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. रिमांडचं काम मी पाहिलंय. तीन मिनिटं लागतात.

"मान्य," मी म्हणाले. "पण मग शिकवा की तिला. आधी निवडा, मग पगार देऊन दोन वर्षं शिकवा. उत्तनला ज्युडिशियल अकॅडमी आहेच. डॉक्टरला इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं. आम्हाला काय मिळतं?"

"अकॅडमी न्यायाधीश कसं व्हायचं ते शिकवते. तारखेला आलेला माणूस सकाळी अकरापासून भिंतीला टेकून कसा उभा असतो, ते व्हरांड्यातच कळतं."

"सर, तो भिंतीला टेकलेला माणूस माझा बाप आहे."

हे जरा मोठ्यानं बोललं गेलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पण खरं आहे ते. आमच्या वाटपाचा दावा मी पाचवीत असताना सुरू झाला. शाहूवाडीतून पहाटेच्या एसटीनं वडील तारखेला जायचे आणि संध्याकाळी परत येताना आम्हाला खाऊ आणायचे. तारीख पडली की खाऊ, असा आमच्या घरातला हिशेब होता. तारखा पडत राहाव्यात असं आम्हा भावंडांना वाटायचं.

सरांना हे माहीत नव्हतं. वर्गात साठ जण असतात, कुणाच्या घरात कुठला दावा चालू आहे हे मास्तरांना कसं कळणार. ते थोडा वेळ भडंगातले शेंगदाणे वेगळे करत बसले. मग म्हणाले, "हे तू मला पहिल्या वर्षी सांगायला पाहिजे होतंस. तुझ्या वडलांना वर्गात बोलावलं असतं लेक्चरला."

मग मी त्यांना ऑगस्टातली गोष्ट सांगितली. तालुक्याच्या एका कोर्टात आमच्या सीनियरांचं काम होतं. आमचीच पक्षकार, साठीची बाई, उलटतपासणी चालू. समोरच्या वकिलांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठं होता? बाई म्हणाली, "मी रानात भांगलत होतो." न्यायाधीश परजिल्ह्यातून बदलून आलेले, वयानं लहान. त्यांनी लिहून घेणं थांबवून विचारलं, "कोण होतो? तुमचे पती?" बाई गोंधळली. "न्हाई, मीच होतो की." कोर्टात हशा पिकला. कुणीतरी ज्येष्ठ वकिलानं उठून सांगितलं, साहेब, आमच्याकडं बायका असंच बोलतात. न्यायाधीश भले होते, सॉरी म्हणाले. टायपिस्टनं 'होते' लिहिलं. पण त्यानंतर ती बाई एका शब्दाच्या पुढं गेली नाही. होय. नाही. माहीत नाही. घरात जी तासभर बांधाचा इतिहास सांगायची, तिच्या जबाबाला दीड पानसुद्धा भरलं नाही.

"बघ!" सरांनी मांडीवर थाप मारली. "ह्यालाच म्हणतो मी. त्या पोरानं तीन वर्षं वकिली केली असती तर..."

"कुठं केली असती, सर? त्याच्या गावाकडं. नागपूरला नाहीतर अकोल्याला. तिकडं तीन वर्षं काढून कोल्हापूरची बाई कळली असती?"

सर गप्प झाले.

"मला ती पहिल्या शब्दाला कळली. माझी आई तशीच बोलते. घरी गेले की मीही 'आलो, गेलो'च बोलते. कोर्टात शिरताना 'आले, गेले' करून घेते. सहा महिने लागले मला ते करायला. या अनुभवाचा दाखला कुठला दहा वर्षांचा वकील देणार आहे?"

"तो अनुभव नव्हे, ती पार्श्वभूमी."

"फरक काय?"

"पार्श्वभूमी तुला न मागता मिळाली. अनुभव कमवावा लागतो. आणि मला सांग, बाईचं बोलणं तुला कळलं, पण समोरचा वकील तिला होय-नाहीवरच का अडकवून ठेवत होता, ते कळलं का?"

नव्हतं कळलं. ते सीनियरांनी नंतर गाडीत सांगितलं. बाई बिथरलेली बघून समोरच्या वकिलांनी पुढचे सगळे प्रश्न होय-नाहीचे केले. तिच्या तोंडून बांधाचा इतिहास रेकॉर्डवर येऊ नये, हेच त्यांना पाहिजे होतं. हे मी सरांना प्रामाणिकपणे सांगितलं. पुराव्याच्या मास्तरांसमोर खोटं बोलून उपयोग नसतो.

"म्हणजे एक गोष्ट तुला घरानं शिकवली, दुसरी कोर्टानं. मी दुसरीसाठीच भांडतोय."

"आणि मी पहिलीसाठी. कारण तुमच्या अटीनं दुसरी असलेली माणसं येतील, पहिली असलेली गळून जातील."

इथं वाद खऱ्या अर्थानं तापला. मी पर्समधून कागद काढला. हिशेब करूनच आले होते. कोल्हापुरात कॉट बेसिसवर राहणं, मेस, बस, मोबाइल, कधीतरी गावाकडचं तिकीट: महिन्याला साडेसात हजार. छत्तीस महिन्यांचे दोन लाख सत्तर हजार. यात कोट-बँड नाही, पुस्तकं नाहीत, आजारपण नाही. ऑल इंडिया बार एक्झामची फी वेगळी, ती साडेतीन हजारांच्या घरात. एक मात्र चांगलं झालं: सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालानंतर सनदेची फी कायद्यात लिहिल्याप्रमाणे साडेसातशे, अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे. त्याआधी राज्याराज्यांत पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत घ्यायचे, १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट काहीही म्हणत असला तरी.

"आता मिळकत लिहिते," मी म्हणाले आणि कागदाची दुसरी बाजू दाखवली. ती कोरी होती.

"काहीच देत नाहीत सीनियर?"

"चहा पाजतात. गावाला जाताना गाडीतून नेतात. माणूस वाईट नाही, सर. त्यांनाही त्यांच्या सीनियरांनी काही दिलं नव्हतं, म्हणून ते देत नाहीत. सगळी बार अशीच चाललीय. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: ज्युनियरला शहरात महिन्याला किमान वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. 'द्यावेत', 'दिलेच पाहिजेत' नव्हे. ते परिपत्रक मी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तीन जणांनी अंगठा दाखवला. सीनियरांनी दुसऱ्या दिवशीच्या बोर्डाचा फोटो टाकला."

सर हसले नाहीत.

"आणि आता हेच सीनियर मला दाखला देणार. तीन वर्षं फुकट राबायचं, आणि राबले याचा कागद त्यांच्याचकडून घ्यायचा. एखाद्या दिवशी मी म्हटलं, साहेब, तीन हजार तरी द्या, आणि त्यांना राग आला, तर? घरच्यांचं काय? परीक्षा म्हटली तर वडील थांबतील वर्षभर. 'पोरगी तीन वर्षं फुकट कोर्टात जाते' हे आमच्या भावकीत किती दिवस चालेल? माझ्या वर्गातल्या दोघींची लग्नं ठरली मेमधल्या निकालानंतर. निकालामुळेच ठरली असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण ठरली."

"ऐकीव पुरावा," सर पुटपुटले. सवय.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. तो त्यांनीच मला दिला होता, पहिल्या वर्षाला, मथुरा खटला शिकवताना. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्यामागचा विचार. पुढच्या वर्षी चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार, वसुधा धागमवार. चौघंही कायद्याचे शिक्षक. निमूटपणे सोसणं आणि संमती देणं यात फरक आहे, हे त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. देशभर आंदोलनं झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला.

"ज्यांनी सोडलं त्या न्यायमूर्तींना अनुभव कमी होता का, सर? तीन वर्षं नव्हे, तीस-तीस वर्षांचा होता. आणि ज्यांना ती मुलगी कळली ते वर्गात शिकवणारे मास्तर होते. हे तुम्हीच सांगितलं होतंत, आवाज चढवून."

"सांगितलं होतं." सरांनी चष्मा काढला. "पण अर्धंच सांगितलं होतं. त्या चौघांनी पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर एकच निकालपत्र होतं आणि वेळ होता. तुझ्या जेएमएफसीसमोर साडेअकरापर्यंत ऐंशी कामांचा पुकारा व्हायचा असतो. पत्र लिहायला अनुभव लागत नाही, असं नाही म्हणत मी. वेगळा लागतो."

हे मला पळवाटेसारखं वाटलं आणि मी तसं म्हणालेही. तेव्हा काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, सांगा की तिला तुमचं. कशाला लांबण लावताय?"

सरांनी आधी नकारार्थी हात हलवला, मग सांगितलं. १९८८ मध्ये त्यांनी सनद घेतली आणि चौदा महिने वकिली केली. सीनियर नावाजलेले. महिन्याला काही नाही, दिवाळीला शर्टाचं कापड. घरी दोन बहिणी लग्नाच्या. चौदा महिन्यांत त्यांनी तारखा घेतल्या, अर्ज लिहिले, आणि एकदाच उलटतपासणीला उभे राहायची संधी आली; तिसऱ्या प्रश्नाला सीनियरांनी कोटाला धरून खाली बसवलं. मग एलएलएम, मग कॉलेजची नोकरी.

"चौतीस वर्षं मी उलटतपासणी शिकवली," ते म्हणाले. "स्वतः केली ती तीन प्रश्नांची. दर वर्षी तो धडा आला की मला पोटात गोळा यायचा. कुणी हुशार पोरगं विचारेल, सर, तुम्ही किती केल्या? कुणी विचारलं नाही. म्हणून सांगतो तुला, पुस्तकातून येत नाही ते. मला आलं नाही."

"आणि का सोडली तुम्ही वकिली?"

"सांगितलं की. पैसे नव्हते."

मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. त्यांनी साक्ष दिली होती माझ्या बाजूनं, आणि त्यांना मात्र वाटत होतं की ती त्यांच्या बाजूनं आहे. एकच कबुली, एकाच तोंडून. अनुभवावाचून माणूस अर्धा राहतो, हे त्यातून सिद्ध होत होतं. घरात दोन बहिणी लग्नाच्या असल्या की अनुभव घेता येत नाही, हेही त्यातूनच. पुराव्याच्या कायद्यात याला काय म्हणतात ते सरांना विचारायचं राहिलं.

थोड्या वेळानं मीच विषय बदलला आणि सर्किट बेंचचं काढलं. सरांचा चेहरा फुलला. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं, त्याच्या आदल्या दिवशी उद्घाटनाच्या गर्दीत सर होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग: सहा जिल्ह्यांचे वकील त्यासाठी चाळीसहून जास्त वर्षं झगडत होते. सरही त्या मोर्चांना जायचे, मास्तर असून.

"तुमचं तेव्हा म्हणणं काय होतं, सर?"

"काय म्हणजे? सावंतवाडीच्या माणसानं अपिलासाठी मुंबईला किती खेपा घालायच्या? जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च... न्याय तिथं आहे, पण तिथपर्यंत जायला पैसे नाहीत, म्हणजे..." आणि ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं मी कुठं नेतेय ते. "वकील झालीस तू," ते म्हणाले. "सूचक प्रश्न विचारलास."

"उलटतपासणीत चालतो, सर."

काकू मोठ्यानं हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

निघताना सर पायात चपला घालून बसस्टॉपपर्यंत आले. रस्त्यात म्हणाले, "तरी अट बरोबर आहे." मी म्हणाले, "पैसे दिल्याशिवाय नाही." मग मी दसरा चौकाचं बोलले. रोज त्या चौकातून जाते. आजूबाजूला बोर्डिंगंच बोर्डिंगं. शाहू महाराजांनी नुसतं 'शिका' असा हुकूम काढला असता तर खेड्यातली पोरं कोल्हापुरात राहिली कुठं असती, जेवली काय असती? म्हणून १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं निघाली. अस्पृश्यांतल्या तरुणांना महाराजांनी वकिलीच्या सनदाही दिल्या. दिल्लीतल्या निकालानं सनदेनंतर तीन वर्षं कोर्टात उभं राहायला सांगितलं; त्या तीन वर्षांच्या बोर्डिंगाचं त्यात काही नाही.

"हे लिही कुठंतरी," सर म्हणाले. "माझं म्हणणं पण लिही. कापू नकोस."

कापलेलं नाही. रिमांडचा त्यांचा मुद्दा मी जसाच्या तसा वर दिला आहे, आणि तो वाचताना मला अजूनही बरं वाटत नाही.

मात्र या सहा जिल्ह्यांतल्या बार असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय अजेंड्यावर घ्या: आपल्या बारमध्ये ज्युनियरला महिन्याला किमान किती द्यायचे. पंधरा हजार झेपत नसतील तर पाच ठरवा, तीन ठरवा. पण आकडा ठरवा आणि बाररूमच्या फलकावर, बोर्डाच्या शेजारी, लावा. माझी सनद जूननंतर निघेल. मी तो फलक रोज बघणारच आहे.